हात लावला की चाल

ताईचा राग त्या दिवशीचा नव्हता. तो जुना होता, चांगला मुरलेला होता, आणि नाट्यगृहात शेवटच्या रांगेमागे ध्वनीच्या टेबलाशी बसलेली असताना तो एकदम उसळून वर आला, इतकंच.

रंगमंचावर रंगीत तालीम चालू होती. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. नाचणाऱ्या मुली गोलात फिरत आत आत येत होत्या आणि संगणकावर बांधलेलं संगीत एकेक आवाज सोडत विरळ होत होतं. आधी वरची किणकिण गेली. मग मधले लांब सूर गेले. मग तळाशी घुमणारा बेस गेला, आणि शेवटी किक, म्हणजे तो छातीत बसणारा ठोका, तोही थांबला. आता काहीच वाजणार नव्हतं. आता फक्त लाकडावर पडणारी अनवाणी पावलं ऐकू येणार होती. त्या पावलांसाठी तर ताईनं हे सगळं रचलं होतं. आणि नेमकं तिथे, त्या रिकाम्या जागेत, एक सुरावट सुरू झाली. गोड, लाडिक, गुणगुणावीशी वाटणारी. बाळची सुरावट. ताईनं तिथून काढून टाकलेली.

पुढच्या मुलीचा पाय चुकला. सुरावटीच्या नादानं तिनं पाऊल आधीच उचललं आणि ती शेजारणीवर आदळली.

ताईनं मान वळवून पाहिलं. बाळ बाजूच्या खुर्चीत मोबाइलमध्ये नाक खुपसून बसला होता. कान मात्र लालबुंद झाले होते, लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"काय, काय आहे?"

"बाळ, मी बहिरी नाहीये."

"अगं, छोटासा बदल केलाय. नंतर बोलू ना, तालीम चाललीय."

आता हा बाळ म्हणजे कुणी कडेवरचं पोर समजू नका. चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला, पोटावर शर्टाची बटणं ताणली गेलेला चांगला बाप्या होता तो. ताईचा धाकटा भाऊ. घरात सगळे बाळ म्हणायचे. हाक चिकटली, तसे लाडही चिकटले, आणि दोन्ही काही सुटले नाहीत.

या दोघांचे बाबा बुद्धिबळाच्या स्पर्धांना पंच म्हणून जायचे. भलेभले खेळाडू त्यांना वचकून असायचे. सोंगटीला हात लावला की तीच चालवायची हा तिथला नियम, आणि त्या नियमापुढे बाबा कुणाची गय करत नसत. घरी दोन्ही पोरांना पटावर बसवलं तेव्हाही नियम तोच होता. फरक एवढाच, की घरी तो फक्त ताईला लागू होता. बाळनं घोडा उचलला, ठेवला, उंट उचलला, तोही ठेवला, पुन्हा घोड्याकडे वळला, तरी बाबा कौतुकानं बघत बसायचे. ताई ओरडली की म्हणायचे, "जाऊ दे गं, लहान आहे तो. घेऊ दे परत." लहान म्हणजे केवढा? ताईच्या मागे दोन इयत्ता. पण लहान म्हटलं की विषय संपला!

एकदा तर हद्द झाली. डाव ताईच्या हातात होता. बाळचा राजा कोपऱ्यात अडकलेला, आणखी थोडक्यात मात होणार. प्यादं सरकवायला तिनं हात पुढे केला आणि तिच्या फ्रॉकची फुगीर बाही तिच्याच वजिराला लागली. वजीर नुसता डुगडुगला, पडलासुद्धा नाही.

"वजीर चालव," बाबा म्हणाले.

"बाबा, हात नाही लावला मी. बाही लागली."

"लागली म्हणजे लागली."

वजीर जिथे जाईल तिथे मरणार होता. तिनं तो सरकवला. बाळनं मारला आणि टाळ्या पिटल्या, बाबांनी त्याच्या पाठीवर थाप दिली, आणि ताई न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बाबांना हे विचाराल तर त्यांना आठवणारसुद्धा नाही. ताईला त्या फ्रॉकचा रंग आठवतो.

अशानं जे व्हायचं तेच झालं. ताई हात लावण्याआधी विचार करायला शिकली. बाळ हात लावून बघायला शिकला.

पुढे दोघंही संगणकावर संगीत करायला लागले, एकत्रच. ताईच्या घराची मागची खोली, भिंतींना करडा फोम, दोन स्पीकर, एक संगणक, दोन खुर्च्या. ताईला हे काम पहिल्यापासून पटासारखं वाटायचं. एका घरात दोन सोंगट्या बसत नाहीत, तसे एकाच जागी दोन जाड आवाज बसत नाहीत. किक आणि बेस दोघंही खालची घरं आपलीच म्हणतात, मग एकानं सरकून दुसऱ्याला वाट द्यायची. सुरुवातीला काय मांडलं त्यावर शेवटी काय उरणार ते ठरतं. आणि एखादा देखणा आवाज पुढे दुसरं काही मोठं मिळावं म्हणून द्यावा लागतो, पटावर वजीर देतात तसा.

पण पटावर नसलेली एक गोष्ट संगणकात असते. केलेलं परत घेता येतं. दोन कळा एकदम दाबा, शेवटची चाल गायब. पुन्हा दाबा, त्याच्या आधीची गायब. दाबत रहा, कुणी विचारणार नाही. ताईला वाटायचं, बाबाच त्या यंत्रात जाऊन बसलेत आणि येईल त्याला म्हणतायत, घे रे परत, जाऊ दे! तिला ते सहनच व्हायचं नाही. शेवटी एके दिवशी तिनं भाजीच्या सुरीचं टोक घातलं आणि कीबोर्डवरची झेडची कळ उचकटून काढली. त्या कळीशिवाय परत घेणं जमत नाही, असा तिचा हिशेब. आणि तिनं बाळला नियम सांगितला. आळीपाळीनं बसायचं. एकाची एक चाल, मग दुसऱ्याची. ज्या आवाजाला हात लावाल तो वापरायचा. आणि काही झालं तरी दुसऱ्याची चाल परत घ्यायची नाही.

बाळ हसला होता. "बाबांची पोरगी शोभतेस," म्हणाला होता. पण कबूल झाला. आणि गंमत बघा, त्या नियमानंच त्यांचं काम वेगळं झालं. लोक विचारायचे, हे असं कसं सुचतं तुम्हाला? मुलाखतीत बाळ पाय पसरून सांगायचा, "आम्ही संगीत करतच नाही हो, आम्ही डाव खेळतो." वाक्य ताईचं. बोलणारा बाळ. ताई शेजारी बसून हसरा चेहरा करायची, आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मग हे नृत्याचं काम आलं. नृत्य बसवणाऱ्या बाई कडक होत्या, पण त्यांची नजर पक्की होती. ताई त्यांच्या तालमी बघायला गेली आणि पायातले बूट काढून जमिनीवर बसून राहिली. संगीत अजून तयार नव्हतं, मुली नुसत्या मोजून नाचत होत्या, आणि त्यांच्या पावलांचा आवाज तिच्या हाडांत शिरला. तिला तिथल्या तिथे कळलं, की मधोमध सगळं संगीत काढून घ्यायचं. नुसतं बंद नाही करायचं. पहिल्या ठोक्यापासून तशी मांडणी करायची, की एकेक सोंगटी पटावरून उतरत जाईल आणि शेवटी पट मोकळा राहील, आणि त्या मोकळ्या पटावर ही पावलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ताईचा हात दाबला होता. ताईनं इतकी वर्षं काम केलं, पण 'हे माझं' असं ती कधी कशाला म्हणाली नव्हती. या शांततेला म्हणाली.

त्या जागी आधी बाळची सुरावट होती. सुरेख होती, खोटं कशाला बोला. ताईनं ती उचलून पार शेवटी नेली, म्हणजे ती उशिरा येईल आणि आली की डोळे ओले करेल. बाळ तिच्यावर उखडला.

"माझा वजीर मारलास तू!"

"मारला नाही, दिला. शेवटी दुप्पट होऊन येतोय तुझाच वजीर. ऐक तरी."

"लोकांना वाटेल मशीन बंद पडलं."

"वाटू दे. पावलं ऐकली की कळेल."

बराच वेळ तो खुर्ची गरगर फिरवत बसला. मग म्हणाला, "बरं बाई, तुझी चाल." ती शेवटची चाल होती. त्यानंतर काम पूर्ण. ताई निर्धास्त झाली. नाट्यगृहात द्यायची फाइल बाळच पेनड्राइव्हवर घेऊन गेला, कारण, "तू दमलीयस ताई, मी देतो ना नेऊन." कधी नव्हे ते त्यानं स्वतःहून काम अंगावर घेतलं, आणि हिला तेव्हा शंका येऊ नये? पण नाही आली. भाऊ होता ना!

तालीम संपली तशी तिनं त्याला बाहेरच्या बोळात गाठलं. पाण्याच्या टाकीशी दिवेवाला ग्लास विसळत होता, तो या दोघांकडे बघून हळूच सटकला.

"कळ तर मी काढलीय," ताई म्हणाली. "कसं परत घेतलंस?"

"माऊसनं. मेन्यूत असतं की ते. मग शेवटीही पुन्हा चिकटवली सुरावट." तो चक्क हसला. "इतकी वर्षं तू त्या कळीवर विसंबून होतीस?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे आजचं नव्हतं तर! "किती वेळा?" तिनं विचारलं.

"काय किती वेळा?"

"किती वेळा परत घेतल्यास माझ्या चाली? तुझ्या स्वतःच्या? मी चहा करायला उठायची तेव्हा?"

"अगं, ताई, तू पण ना! कुणी मोजतं का असलं? चांगलं झालं ना शेवटी सगळं? लोकांना आवडलं ना?"

"मी विचार करून करून डोकं शिणवायची. एका बेससाठी रात्र रात्र तळमळायची, की एकदा ठेवला की ठेवला. आणि तू माझ्या पाठीमागे पुसत बसायचास?"

"तुला कुणी सांगितलं होतं तळमळायला? खेळ होता तो. तू एकटीच मनावर घेतलास."

तिनं त्याच्या थोबाडीत मारली असती. हात उठलाही होता. तेवढ्यात नृत्य बसवणाऱ्या बाई दार लोटून आल्या, कपाळाला आठ्या, केस विस्कटलेले.

"माझ्या मुली का धडपडल्या तिथे? ते सूर कुठून आले?"

"तेच सांगतेय मी," ताई म्हणाली. "मी घरी जाऊन बरोबर फाइल आणते."

"बाई, ऐका माझं," बाळनं मध्येच तोंड घातलं. आवाजात अशी साखर पेरली, की विचारू नका. "एवढं मोठं सभागृह. अचानक सगळं गप्प झालं तर लोक खोकतील, कुजबुजतील, कुणीतरी हसेल. तुमचंच हसं होईल. आणि दिवे याच फाइलवर बांधून झालेत. आता ऐनवेळी बदललं आणि काही अडकलं तर?"

बाईंनी डोळे मिटले. त्या दमल्या होत्या, घाबरल्या होत्या, आणि दुपारी प्रयोग होता. "आता फाइल बदलायची नाही," त्या म्हणाल्या. "काय घालायचेत ते वाद उद्या घाला." ताईकडे बघायचं त्यांनी टाळलं.

त्या आत गेल्या. बाळनं खांदे उडवले. "बघ. त्यांनाही पटलं." आणि वर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो कसा, "राग गिळ गं आता. बाबा यायचेत, त्यांच्यासमोर तमाशा नको."

ताईनं तो हात झटकला. राग गिळ! लहानपणापासून गिळतच तर आली होती. आता जागा नव्हती आत.

दुपारी बाबा आले. आई गेल्यापासून ते ताईकडेच राहत. औषधं ताई देई, कानाच्या यंत्रातल्या बॅटऱ्या ताई बदली, आणि बाळ महिन्यातून एकदा फळांची पिशवी घेऊन आला की बाबांचा चेहरा दिव्यासारखा उजळे. त्यांना पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून टेबलाच्या मागेच त्यांची खुर्ची मांडली. कानातलं यंत्र मोठ्या आवाजात शिटी मारतं म्हणून त्यांनी ते काढून खिशात घातलं. त्यानंतर ते जे बोलत ते कुजबुजतोय असं समजून बोलत, आणि तीन रांगांपलीकडे ऐकू जाई.

"दोघं मिळून केलंत ना?" ते म्हणाले. "भांडू नका हो."

"नाही बाबा," बाळ म्हणाला. ताई टेबलाकडे वळली.

सभागृह भरत गेलं. ताई खुर्चीत बसली आणि समोरच्या टेबलाकडे बघू लागली. तिच्या आणि बाळच्या बरोबर मध्ये मुख्य फेडर होता, ती सरकवायची कळ, जी खाली ओढली की अख्ख्या सभागृहाचा आवाज बंद होतो. फाइल बदलायची नाही, बरं. फाइलला हात न लावताही शांतता करता येते. जिथे ती सुरावट सुरू होते तिथे फेडर खाली, आणि जिथे किक परत येते तिथे वर. साधी गोष्ट. पण बाळलाही ते कळत होतं. तो काही मूर्ख नव्हता. खुर्ची फेडरच्या जवळ ओढून तो पहारेकऱ्यासारखा बसला होता. तिनं खाली ओढला की तो वर ढकलणार, मग ती पुन्हा खाली, आणि भर प्रयोगात आवाजाची नुसती रस्सीखेच. त्यात मुलींचे पाय मोडायचे. नाही. त्याचा हात आधी तिथून निघायला हवा होता, आणि तो त्यानं स्वतःहून काढायला हवा होता.

मग ताई राग बाजूला ठेवून, नाही, रागासकट, विचार करायला बसली. हा माणूस तिला ठाऊक होता. शाळेच्या वयापासून पटाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला होता. त्याला खेळताना तिनं जितकं पाहिलं होतं तितकं कुणीच पाहिलं नव्हतं. तो काय करेल? तो हात लावेल. आणि हात लावल्याचं कुणी बोलून दाखवलं की तो काय करतो? ताईनं मांडीवर हात ठेवले आणि वाट बघत बसली.

प्रयोग सुरू झाला. मुली आत आल्या. संगीत मोठ्यानं उसळलं, पसरलं, मग हळूहळू सोंगट्या उतरायला लागल्या. किणकिण गेली. लांब सूर गेले. लोक पुढे सरकून बसले होते, सभागृहात पानाचीसुद्धा सळसळ नव्हती. बेस गेला. ताईनं मुद्दाम, त्याला दिसेल असा, उजवा हात मांडीवरून उचलला.

बाळनं झटकन फेडरवर बोटं ठेवली.

"हात लावलास," ताई म्हणाली. हळूच, त्याच्या कानाशी. "आता चालव."

आणि त्यानं हात मागे घेतला! विचार न करता, चटका बसल्यासारखा. जन्मभराची सवय ती, कुणी बोट दाखवलं की सोंगटी सोडून द्यायची आणि मी कुठे हात लावला असा चेहरा करायचा. हात छातीशी घेऊन तो क्षणभर तसाच बसला, आणि तेवढ्यात किक थांबली, आणि ताईनं फेडर खाली ओढून त्यावर अख्खा तळवा दाबून धरला.

शांतता पडली.

आणि पावलं आली. आधी एक, मग दुसरी, मग सगळ्या मुली एकदम, लाकडावर, अनवाणी. मुलींच्या अंगात तर ती शांतताच मुरलेली होती, त्या एकदम सैल झाल्या, सरळ झाल्या. ताईच्या अंगावर काटा आला. हेच. हेच ऐकलं होतं तिनं, जमिनीवर बसून.

"बाबा, बघा ना ही!" बाळ मागे वळून म्हणाला. खरंच म्हणाला हो तो, टकला माणूस, दबक्या आवाजात, पण बाबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन. बाबांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. पण बाळचा चेहरा त्यांनी पाहिला, ताईचा दाबून धरलेला हात पाहिला, आणि एवढं त्यांना पुरेसं होतं.

"अगं, जाऊ दे ना!" ते कुजबुजले, म्हणजे ओरडले. "लहान आहे तो! घेऊ दे त्याला परत!"

अख्ख्या सभागृहानं ऐकलं. ऐकणारच, दुसरा आवाज होताच कुठे? माना वळल्या. पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग चार-सहा जण हसले. तिच्या शांततेत, तिच्या मोकळ्या पटावर, तिनं एकेक सोंगटी उतरवून मिळवलेल्या जागेत शेवटी काय ऐकू यावं? तर हे! इतकी वर्षं घरात ऐकलं ते कमी पडलं म्हणून आता इथेही!

पण तिनं तळवा उचलला नाही. मुली थांबल्या नाहीत. हसणं विरलं, माना पुन्हा वळल्या, आणि उरलेला वेळ पावलांचा होता. किक यायच्या ठिकाणी तिनं फेडर वर नेला, जरासुद्धा न चुकता. शेवटी बाळची सुरावट आली, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदरानं डोळे टिपले. बाळनं ते पाहिलं. ताईनं बाळला पाहताना पाहिलं.

प्रयोगानंतर नृत्य बसवणाऱ्या बाई धावत वर आल्या आणि त्यांनी ताईला घट्ट मिठी मारली. "माझंच चुकलं सकाळी," त्या म्हणाल्या. "पण ते मध्येच ओरडलं कोण हो?"

"माझे वडील," ताई म्हणाली.

बाळ वायरी गुंडाळत होता. बाई गेल्यावर म्हणाला, "भरल्या सभागृहात माझं हसं केलंस."

"मी? मी तर एक शब्द मोठ्यानं बोलले नाही."

"मला फसवलंस तू."

"हो. फसवलं. तू हात मागे घेणार हे मला माहीत होतं. उद्या ये आणि मागच्या खोलीतलं तुझं सामान घेऊन जा. यापुढे मी एकटी काम करणार."

"तू रागाच्या भरात बोलतेयस."

"रागाच्या भरातच बोलतेय. मग?"

त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा यंत्र कानात घालत होते, शिटी वाजत होती. "चला, घरी चला," ते म्हणाले. "उद्यापर्यंत सगळं ठीक होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ आला, मुकाट्यानं आपले हेडफोन आणि खुर्ची घेऊन गेला. जाताना फक्त बाबांच्या पाया पडला. त्याची गाडी वळेपर्यंत बाबा खिडकीत उभे होते. मग त्यांनी कपाट उघडलं, जुना पट काढला आणि जेवणाच्या टेबलावर मांडायला घेतला. घरात काही बिनसलं की ते हेच करत.

"ये," ते म्हणाले. "एक डाव खेळू. डोकं शांत होईल तुझं."

ताई समोर बसली. डोकं शांत करायला नाही. ती नीट विचार करून खेळत राहिली. बाबा अजूनही चांगले खेळत, पण आज त्यांचं लक्ष नव्हतं. मध्येच म्हणाले, "त्याला फोन कर गं संध्याकाळी. मन मोठं कर. मोठी आहेस तू." आणि असं म्हणता म्हणता प्यादं पुढे सरकवायला हात लांबवला, तर त्यांच्या सैल स्वेटरची बाही त्यांच्याच वजिराला लागली. वजीर डुगडुगला, पडला नाही. बाबांनी तो बोटानं स्थिर केला आणि पुन्हा प्याद्याकडे वळले.

"वजीर चालवा," ताई म्हणाली.

"अं?"

"वजिराला लागलं तुमचं. वजीर चालवा."

बाबा हसले. "अगं, हात कुठे लावला मी? बाही लागली."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. तोंड कोरं होतं, थोडं गमतीत, थोडं थकलेलं, आणि समोरून आता नेहमीचं 'जाऊ दे' येणार अशी खात्री त्यावर लिहिलेली.

"लागली म्हणजे लागली," ती म्हणाली.

त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी पटाकडे पाहिलं. वजीर जिथे नेतील तिथे मरणार होता. "म्हातारा झालोय गं मी," ते म्हणाले. "एवढं काय त्यात? घेऊ दे परत."

"पंच तुम्ही होतात, बाबा. सांगा, नियम काय आहे?"

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. मग त्यांनी वजीर उचलला. त्यांनी तो एक घर पुढे ठेवला आणि बोट काढून घेतलं.

ताईनं तो प्याद्यानं मारला आणि पटाबाहेर ठेवला.

"खेळा," ती म्हणाली. "तुमची चाल आहे."